बेटकास्टिंग रीलवर पुन्हा पुन्हा गुंता: ब्रेक फिरवण्याआधी लाईन तपासा

गरवायची रील नवी आहे, रॉड बरा आहे, ब्रेकचा नॉब सगळ्या आकड्यांवर फिरवून झालाय, तरी दर पाच-सहा फेकींनंतर स्पूलवर, म्हणजे लाईन गुंडाळलेल्या चाकावर, गुंता. अंगठा सरावला तरी तो अधूनमधून होतोच, आणि नेमका भरतीचं पाणी फिरतं तेव्हा, मासा खायला लागण्याच्या वेळेला. ही तक्रार सर्वात जास्त येते ती स्पिनिंग रीलवरून बेटकास्टरकडे वळलेल्यांची. त्यांना सल्लाही ठरलेला मिळतो: "ब्रेक वाढव." ब्रेक वाढवला की गुंता कमी होतो हे खरं, पण फेक निम्म्यावर येते. मग बेटकास्टर घेतलाच कशाला?

ब्रेक हा शेवटचा उपाय ठेवावा. पुन्हा पुन्हा होणाऱ्या गुंत्याचं मूळ बहुतेक वेळा लाईनमध्ये असतं. स्पिनिंग रीलवर फेकताना स्पूल जागेवर उभा असतो आणि लाईन त्याच्या तोंडावरून वेटोळ्यांनी सुटते. तिथे बारीक लाईन फायद्याची. बेटकास्टरवर स्पूल स्वतः फिरतो. लूर, म्हणजे नकली आमिष, लाईन ओढतो, लाईन स्पूलला फिरवते. हवेत लूर मंदावतो, पण स्पूलला आलेला वेग लगेच उतरत नाही. तो जास्तीची लाईन सोडत राहतो, आणि जायला जागा नसलेली ती लाईन जागच्या जागी फुगते. हाच बॅकलॅश. म्हणजे इथे लाईन किती जाड, किती ताठ, स्पूलवर किती भरलेली आणि किती घट्ट बसलेली, या चार गोष्टींवर सगळं अवलंबून. पाकिटावर मोठ्या अक्षरात छापलेला पाउंडाचा, म्हणजे लाईनच्या ताकदीचा, आकडा यातलं काहीच सांगत नाही.

जाता जाता सांगतो, फिरत्या स्पूलची ही रचना नायलॉनपेक्षा खूप जुनी आहे. अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या घड्याळजींनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशा रीळा बनवायला घेतल्या, तेव्हा त्यांवर रेशमी दोर असायचा. ड्यूपाँट कंपनीचं नायलॉन जाहीर झालं 1938 साली. मऊ आणि पुरेशी जाड लाईन या यंत्राला का मानवते, ते यावरून लक्षात येईल.

आधी पाहा, गुंता कधी होतो

सगळे गुंते एकसारखे दिसतात, पण फेकीच्या कोणत्या टप्प्यावर झाला त्यावरून कारण कळतं.

लूर पाण्यावर पडल्यानंतर स्पूल फिरत राहिला आणि वरवरची वेटोळी सैल झाली, तर दोष लाईनचा नाही. अंगठा उशिरा पडला. सराव करा, पुढे वाचायची गरज नाही.

रॉड पुढे आणताच, पहिल्या दोन-चार मीटरमध्येच स्पूल फुगला, तर तीन शक्यता: हिसका फार जोरात मारलात, लूर रीलच्या मानाने हलका आहे, किंवा लाईन ताठ असून स्पूल काठोकाठ भरलाय. तिसरी शक्यता तपासायला अगदी सोपी. लूर टोकापासून हातभर लोंबता ठेवा, अंगठा स्पूलवर ठेवून क्लच (स्पूल मोकळा करणारं बटण) दाबा आणि अंगठा किंचित हलका करा. वरची वेटोळी आपणहून उसळून सैल होत असतील, तर ती लाईन त्या स्पूलसाठी ताठ आहे.

फेक व्यवस्थित निघाली, आणि दहा-बारा मीटरवर खाड्कन अडकून गुंता झाला, कधी तर लूर गाठीतून तुटून एकटाच समोरच्या काठाला गेला, तर हा वेगळा आजार आहे. ब्रेडेड (बारीक पदर विणून केलेली) लाईन आतल्या थरांत रुतलेली असते, किंवा लीडरची (लूरच्या आधी जोडलेल्या वेगळ्या लाईनच्या तुकड्याची) गाठ कुठेतरी अडखळते. सर्वात महाग पडणारा गुंता हाच, त्यामुळे त्यावर पुढे सविस्तर लिहितो.

मधेच, पण हळूहळू फुगत गेला, तर वारा. दुपारनंतर समुद्रावरून खाडीत येणाऱ्या वाऱ्याच्या तोंडावर रुंद, पानासारखा लूर फेकलात तर कोणतीही लाईन वाचवणार नाही. तेवढ्यापुरता ब्रेक वाढवा, किंवा जागा बदला.

पाउंड सोडा, मिलिमीटर वाचा

दुकानात आपण विचारतो, "वीस पाउंडाची आहे का?" नायलॉनमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या तंगुसात, वीस पाउंड ही चांगली जाड लाईन असते. ब्रेडेडमध्ये तीच ताकद जेमतेम 0.23 मिलिमीटरमध्ये येते. एका जुन्या प्रसिद्ध ब्रेडेडच्या पाकिटावर 30 पाउंडासमोर '8 पाउंड मोनोइतकी जाडी' (मोनो म्हणजे साधं नायलॉन) असं सरळ छापलेलं असतं, 50 पाउंडासमोर 12, आणि 65 समोर 16. हा दुसरा आकडा आपल्या कामाचा.

माझा ठोकताळा असा: साध्या, मध्यम आकाराच्या बेटकास्टरवर 0.28 मिलिमीटरपेक्षा बारीक ब्रेडेड भरू नये. म्हणजे त्या पाकिटाच्या हिशेबाने 30 पाउंड ही खालची हद्द, आणि 40 ते 50 पाउंड ही सुखाची जागा. "मला एवढा मोठा मासा लागणारच नाही, मग 50 पाउंड कशाला?" हा प्रश्न रास्त वाटतो, पण इथे ताकद विकत घेत नसून जाडी विकत घेतोय. शिवाय फार बारीक लाईन स्पूलची कड आणि रीलची चौकट यांच्या फटीत शिरते, मग स्पूल काढून ती सोडवत बसा.

जपानी पाकिटांवर पाउंडाऐवजी पीई क्रमांक असतो. ढोबळ हिशेब: पीई 1 म्हणजे साधारण 0.165 मिलिमीटर, पीई 2 म्हणजे 0.235, पीई 3 म्हणजे 0.285 आणि पीई 4 म्हणजे 0.33. बेटकास्टरवर खाडीतल्या कामाला 3 किंवा 4.

स्वस्त ब्रेडेडवर छापलेले आकडे मी मनावर घेत नाही. नायलॉनची खरी जाडी घरी कळते: पेन्सिलीवर एकमेकांना चिकटून वीस वेढे घ्या, पट्टीने रुंदी मोजा, वीसने भागा. 6.6 मिलिमीटर भरली तर लाईन 0.33 ची. ब्रेडेड दाबली की चपटी होते, त्यामुळे तिच्यात हे माप अंदाजाचंच, पण 0.28 म्हणून घेतलेली 0.40 भरत असेल तर तेवढं नक्की समजतं.

रुतलेली ब्रेडेड

आता तो खाड्कन अडकणारा गुंता. ब्रेडेड लाईन निसरडी, बारीक आणि जवळपास अजिबात न ताणणारी. स्पूलवर ती सैल भरलेली असेल, आणि वरून जोराचा ताण आला, की वरचा वेढा खालच्या सैल थरांत घुसतो. दोऱ्याने उकडलेलं अंडं कापतात ना, अगदी तसा. पुढच्या फेकीला त्या जागेपर्यंत लाईन सुरळीत सुटते, आणि मग वरचा वेढा खालच्यांच्या कचाट्यात. लूर तिकडे वेगात, इकडे स्पूल थांबलेला. काहीतरी तुटणारच.

ताण येतो कुठून? मोठ्या माशापेक्षा जास्त वेळा अडकलेल्या लूरमुळे. कांदळवनाच्या मुळांत किंवा जेटीच्या खांबाला गरी अडकली, की आपण रॉड मागे खेचतो, स्पूल अंगठ्याने दाबतो, ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा ताणाखाली लाईन सोडणारी यंत्रणा) बंद करतो, आणि सगळी ताकद स्पूलवरच्या त्या एका वेढ्यावर घालतो. लूर सुटतो, आपण खूश होतो आणि पुढच्या फेकीला तोच लूर गमावतो.

अडकलेला लूर रीलवरून ओढूच नका. लाकडाच्या छोट्या दांडक्याला लाईनचे पाच-सहा वेढे द्या आणि दांडकं धरून, रॉड बाजूला ठेवून, सरळ मागे सरका. दांडकं नसेल तर जाड फडकं गुंडाळलेला हात चालेल, उघडा हात नाही. ताणलेली ब्रेडेड मांसात शिरते. तरीही रीलवरून जोर लागलाच असेल, तर पुढची फेक करण्याआधी पंधरा-वीस मीटर लाईन हाताने ओढून काढा आणि दोन बोटांच्या चिमटीतून ताण देत परत भरा. एक मिनिटाचं काम आहे.

मुळात भरतानाच घट्ट भरली तर हा प्रकार फार कमी होतो. नव्या लाईनचं रीळ पेन्सिलीवर ओवून दुसऱ्याला धरायला सांगा, तेही फिरू द्या, आणि लाईन ओल्या फडक्यातून जाऊ द्या. रीळ आडवं, जमिनीवर ठेवून कडेवरून वेटोळी काढली तर लाईनला पीळ बसतो. लाईन नव्या रिळाच्या वरच्या बाजूने निघावी आणि रीलच्या स्पूलवर वरच्या बाजूनेच चढावी. घरी कितीही काळजी घेतली तरी दुकानातून भरून आणल्यासारखा घट्टपणा येत नाही असं वाटलं, तर मोकळ्या मैदानात किंवा पुळणीवर टोक झाडाला बांधा, साठ-सत्तर मीटर मागे चालत जा, आणि रॉड थोडा वाकलेला ठेवत परत गुंडाळत या.

आठ पदरांची ब्रेडेड चार पदरांच्या मानाने गोल आणि गुळगुळीत असते, फेकताना आवाज कमी करते आणि तिची वेटोळी एकमेकांवर नीट बसतात. चार पदरी खरखरीत, पण खडकाला घासली तर थोडी जास्त टिकते. बेटकास्टरसाठी मी आठ पदरी घेईन आणि घासण्याची काळजी लीडरवर सोपवेन.

ड्रॅग बंद, तरी लाईन जातेय

मासा लागला, ड्रॅग पूर्ण कसला, तरी हँडल फिरवून लाईन येत नाही. ड्रॅगचे वॉशर गेले असं समजून लोक रील दुरुस्तीला टाकतात. आधी अंगठ्याने लाईनचा गोळा दाबून बघा. स्पूल फिरतोय पण लाईन नाही, असं असेल तर अख्खा गोळाच धातूच्या गुळगुळीत स्पूलवर घसरतोय. ब्रेडेडची उघड्या स्पूलवर पकड बसत नाही.

उपाय म्हणजे खाली नायलॉनचा थर. काही स्पूलना भोकं असतात, त्यांतून लाईन ओवून गाठ मारली तर काम भागतं, पण थर दिलेला बरा, कारण महागडी ब्रेडेडही कमी लागते. किती थर? रीलवर क्षमता छापलेली असते. समजा 0.33 मिलिमीटरची 100 मीटर बसते. तुमची ब्रेडेड 0.28 ची आहे. जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात जागा लागते, म्हणजे 0.28 भागिले 0.33, त्याचा वर्ग, साधारण 0.72. तेव्हा 100 मीटर ब्रेडेड 72 टक्के जागा घेते, आणि उरलेल्या जागेत 0.33 चं नायलॉन 28 मीटर जातं. आधी ते भरा, दुहेरी युनि गाठीने ब्रेडेड जोडा आणि गाठीची टोकं बारीक कापा. 0.36 ची, म्हणजे 50 पाउंडाची ब्रेडेड घेतलीत तर याच स्पूलवर मुळात 84 मीटरच बसेल. थर थोडा द्यायचा तर ब्रेडेड सत्तरच्या आसपास. खाडीत आपण तीस-चाळीस मीटरच्या पुढे क्वचित फेकतो, त्यामुळे सत्तर मीटर ब्रेडेड पुरते. अमेरिकन रीळांवर क्षमता पाउंड आणि यार्डात असते, '12/120' अशी. यार्ड म्हणजे 0.91 मीटर, तेवढं बदलून घ्या.

किती भरायची, याचंही एक माप आहे. स्पूलच्या कडेपासून दोन ते तीन मिलिमीटर खाली थांबा. काठोकाठ भरलेला स्पूल जड होतो, एकदा वेग घेतला की आवरत नाही. फारच कमी भरला तर तेवढ्याच लाईनसाठी त्याला जास्त फेरे घ्यावे लागतात आणि फेक छोटी होते. हलके लूर वापरणार असाल तर तीन मिलिमीटरपेक्षा थोडी अजून कमी.

नायलॉन आणि फ्लोरोकार्बन

बेटकास्टर शिकतोय त्याने ब्रेडेडने सुरुवात करू नये, असं माझं ठाम मत आहे. 12 ते 14 पाउंडाचं, 0.30 ते 0.35 मिलिमीटरचं मऊ नायलॉन भरा आणि 14 ते 20 ग्रॅमचा लूर लावा. नायलॉनचा गुंता सुटतो, आणि नाही सुटला तर कापून टाकलेल्या वीस मीटरचं दुःख होत नाही. नायलॉन ताणलं की लांबतं, त्यामुळे हिसकाही पचतो. त्याचे दोष म्हणजे स्पूलचा आकार लक्षात ठेवणं, पाणी पिऊन नरम पडणं आणि उन्हाने ठिसूळ होणं. दुकानाच्या दारावर उन्हात लटकवलेलं रीळ कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. हंगामात नेमाने गरवत असाल तर हंगामाला एकदा बदला.

फ्लोरोकार्बनबद्दल गैरसमज फार. पाण्यात कमी दिसतं म्हणून लोक ते पूर्ण स्पूलभर भरतात. ते नायलॉनपेक्षा जड आहे, लवकर बुडतं, ताठ आहे, आणि 14 पाउंडाच्या वर गेलात की स्प्रिंगसारखं उसळतं. त्याहून वाईट म्हणजे गुंत्यात एकदा मुडपलं की तिथे पांढरट घडी पडते, आणि नंतर मासा लागल्यावर ते नेमकं तिथेच तुटतं. हिसका मारताक्षणी, विनाकारण लाईन तुटत असेल तर ही घडी शोधा. आमच्या कोकणातल्या गढूळ खाडीत त्याच्या अदृश्यपणाचा उपयोग किती, हा प्रश्नच आहे. धरणाच्या स्वच्छ पाण्यात, बुडणाऱ्या लूरसाठी, 10 ते 12 पाउंडाचं वापरायला हरकत नाही. बाकी त्याची खरी जागा लीडरमध्ये.

लीडरची एक भानगड बेटकास्टरवर जास्त त्रास देते. लांब लीडर घेतला की ब्रेडेड आणि लीडरची गाठ रीलच्या तोंडाशी डावी-उजवीकडे सरकणाऱ्या बारीक छिद्रातून ये-जा करते. दर फेकीला टक् असा आवाज येतो, कधी तिथेच अडकते आणि गुंता होतो. लीडर हातभर ठेवा, म्हणजे लूर लोंबत असताना गाठ रॉडच्या शेवटच्या कडीच्या बाहेर राहील. लांब हवाच असेल तर एफजी गाठ शिका. ती चपटी बसते.

कुठे काय भरू?

खाडीत जिताडा (गोव्यात त्यालाच चोणक म्हणतात) किंवा तांबोशी यांच्यासाठी 40 ते 50 पाउंडाची आठ पदरी ब्रेडेड आणि 40 ते 60 पाउंडाचा लीडर. जिताड्याच्या कल्ल्याची कड धारदार असते, तांबोशी गरी घेताच मुळांकडे धावते, आणि खांबांवरची कालवं लागली तर ब्रेडेड एका घासात जाते. इथे लीडरमध्ये काटकसर नको.

शेवाळ आणि कमळाच्या पानांत बेडकाच्या लूरने मरळ करणार असाल तर 50 ते 65 पाउंडाची ब्रेडेड, थेट, लीडर न लावता. ती पाण्यावर तरंगते, पानं कापते, आणि लूर पाण्याच्या वरच राहतो. नायलॉन इथे ताणून जातं आणि मरळ गवतात घुसतो.

पाच-सात ग्रॅमच्या लूरसाठी साधा बेटकास्टर वापरूच नका. त्यासाठी उथळ, हलक्या स्पूलच्या वेगळ्या रीळा येतात. त्या घ्यायच्या नसतील तर स्पिनिंग काढा. लाईन बदलून हा प्रश्न सुटत नाही.

गुंता झालाच तर

घाईत ओढू नका. अंगठ्याने स्पूल घट्ट दाबा, तसाच दाबून हँडल दोन-तीन वेळा फिरवा, मग क्लच दाबून लाईन हळू ओढा. वर आलेले फास पुष्कळदा सपाट होऊन सुटतात. ब्रेडेड आणि नायलॉनवर हे बिनधास्त करा. फ्लोरोवर केलंत तर नंतर तो भाग बोटांतून फिरवून घडी तपासा.

शिकताना एक युक्ती: तुमची सर्वात लांब फेक टाका, त्यापुढे आठ-दहा मीटर लाईन ओढा आणि स्पूलवर उरलेल्या लाईनवर विजेच्या कामाची चिकटपट्टी एक वेढा लावा. गुंता पट्टीच्या खाली जाणार नाही. मात्र खरा मासा धरायला जाताना पट्टी काढा, नाहीतर त्याने धाव घेतली की लाईन तिथेच संपेल.

लाईन खाऱ्या पाण्यात वापरली असेल तर घरी आल्यावर रीलवर गोड्या पाण्याचा हलका फवारा मारा, ड्रॅग सैल करा, आणि सावलीत वाळवा. ब्रेडेडच्या पदरांत अडकलेलं मीठ वाळून तिला खरखरीत करतं, मग ती कड्यांना घासते आणि वेटोळी नीट बसत नाहीत. पहिले तीस-चाळीस मीटर झिजून केसाळ झाले की सगळी लाईन फेकू नका. दुसऱ्या रीलवर उलटी भरा, म्हणजे आतली न वापरलेली बाजू वर येते.

हे सगळं करूनही गुंता थांबत नसेल, तर आता ब्रेककडे या. लूर बांधा, टोकापासून थोडा खाली लोंबू द्या, क्लच दाबा. हँडलच्या बाजूचा छोटा नॉब इतपत कसा, की लूर सावकाश खाली जाईल आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबेल. लूर बदलला की हे पुन्हा करायचं. ब्रेक आधी निम्म्यापेक्षा वर ठेवा, आणि चार-पाच फेकी स्वच्छ गेल्या की एकेक आकडा खाली आणा. एवढ्यावरही स्पूल खरखरत किंवा डुगडुगत फिरत असेल तर लाईन उतरवून तो बाहेर काढा आणि दोन्ही बाजूंचे बेअरिंग तपासा. खाऱ्या पाण्यावरच्या रीळांत सर्वात आधी तेच गंजतात.